मेंदूतलं ‘उजवं’ सेरीन

‘सजीवांच्या प्रथिनांत डावी अमिनो आम्लंच असतात,’ हे वाक्य आपण अकरावी-बारावीच्या वर्गात शिकवतो. वाक्य बरोबर आहे. पण मुलं त्याचा अर्थ पुष्कळदा ‘आपल्या शरीरात उजव्या अमिनो आम्लांना काही कामच नसतं’ असा घेतात. तो मात्र चूक. आपल्या मेंदूत एक उजवं अमिनो आम्ल तयार होतं, वापरलं जातं आणि नष्टही केलं जातं. त्याचं नाव डी-सेरीन.

आधी हे डावं-उजवं म्हणजे काय ते करूनच पाहू. चिकणमातीच्या एका गोळ्यात चार काड्या चार दिशांना, सारख्या अंतरावर खोचा. टोकांना चार वेगवेगळ्या रंगांचे गोळे लावा. मधला गोळा कार्बन. भोवतीचे चार म्हणजे अमिनो गट, आम्ल गट, हायड्रोजन आणि सेरीनचा स्वतःचा असा चौथा गट. आता ही प्रतिकृती आरशात जशी दिसते तशी दुसरी बनवा. कशीही फिरवा, एक दुसरीशी तंतोतंत जुळत नाही. डाव्या पायाची चप्पल उजव्या पायात बसत नाही, तसंच हे. यातल्या एकाला एल म्हणजे डावं आणि दुसऱ्याला डी म्हणजे उजवं म्हणतात. आता दोन्हींतला चौथा गोळा काढून तिथेही हायड्रोजनचाच गोळा लावा. झालं ग्लायसीन! दोन्ही प्रतिकृती एकसारख्या झाल्या. ग्लायसीनला डावं-उजवं नसतं. याची गरज पुढे लागणार आहे.

जीवाणूंना उजवी अमिनो आम्लं लागतात, हे बरंच आधी माहीत होतं. पुण्याजवळ पिंपरीला १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला. तिथे ज्याचं उत्पादन सुरू झालं ते पेनिसिलिन याच गोष्टीचा फायदा घेतं. जीवाणूंच्या पेशीभित्तिकेची वीण घालताना डी-अ‍ॅलानीनच्या जोड्या वापरल्या जातात. पेनिसिलिनचा रेणू दिसायला या जोडीसारखा असतो. भित्तिका विणणारं विकर म्हणजे एन्झाइम फसून त्यालाच धरतं आणि निकामी होतं. आपल्या पेशींना अशी भित्तिका नाही. साहजिकच उजवी अमिनो आम्लं म्हणजे जीवाणूंचा मामला, अशी समजूत झाली.

पण एक कोडं होतं. ‘क्रेब्ज चक्रा’मुळे आपल्याला माहीत असलेल्या हान्स क्रेब्ज यांना १९३५ साली मूत्रपिंडात एक विकर सापडलं होतं. ते फक्त उजव्या अमिनो आम्लांचं ऑक्सिडीकरण करतं. त्याचं नाव डी-अमिनो अ‍ॅसिड ऑक्सिडेज. आतड्यातल्या जीवाणूंकडून आलेली उजवी आम्लं ते नष्ट करत असेल, असं म्हणता येईल. मग हेच विकर मेंदूत, त्यातही अनुमस्तिष्कात, कशासाठी?

१९९२ साली हाशिमोतो, निशिकावा आणि त्यांच्या जपानी सहकाऱ्यांना उंदरांच्या मेंदूत चक्क डी-सेरीन सापडलं. ते मेंदूच्या पुढच्या भागात भरपूर होतं, तर प्रौढ प्राण्यांच्या अनुमस्तिष्कात अगदी कमी. म्हणजे जिथे नष्ट करणारं विकर जास्त, तिथे डी-सेरीन कमी!

मग ते तयार कोण करतं? १९९९ साली अमेरिकेत सॉलोमन स्नायडर यांच्या प्रयोगशाळेत हर्मन वोलोस्कर आणि सहकाऱ्यांनी सेरीन रेसिमेज हे विकर वेगळं काढलं. ब-६ जीवनसत्त्वापासून बनलेल्या सहविकराच्या मदतीने ते डाव्या सेरीनचं उजवं करतं. तारकापेशी ग्लुकोजपासून डावं सेरीन बनवून पुरवतात आणि मुख्यतः चेतापेशी त्याचं उजवं सेरीन करतात, असं आज मानलं जातं.

आता त्याचं काम पाहू. बँकेतला लॉकर एका किल्लीने उघडत नाही. एक किल्ली बँकेची, दुसरी आपली. चेतापेशींवर एनएमडीए ग्राहक नावाची अशीच दारं असतात. ग्लुटामेट ही पहिली किल्ली. दुसरी किल्ली डी-सेरीन किंवा ग्लायसीन. पेशी आधीच थोडी उत्तेजित असेल, तर दारातला मॅग्नेशियमचा बूच निघतो आणि कॅल्शियम आत शिरतं. त्यामुळे दोन पेशींमधला दुवा पक्का होतो. शिकणं आणि लक्षात राहणं या दुव्यांवर अवलंबून असतं. सेरीन रेसिमेजचं जनुक काढून टाकलेल्या उंदरांच्या मेंदूत डी-सेरीन सुमारे ९० टक्क्यांनी घटतं, आणि स्मरणाच्या काही चाचण्यांत ते मागे पडतात. उलट ही दारं फार वेळ उघडी राहिली तर जादा कॅल्शियममुळे पेशी मरतात. म्हणूनच बनवणारं आणि मोडणारं, दोन्ही विकरं हवीत.

पुण्याच्या सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा ‘देवराई’ हा २००४ सालचा चित्रपट अनेकांनी पाहिला असेल. त्यातल्या शेषला झालेल्या स्किझोफ्रेनियाशी या दुसऱ्या किल्लीचा संबंध असावा, अशी शंका आहे. केटामीनसारखी औषधं एनएमडीए ग्राहक बंद करतात, तेव्हा निरोगी माणसातही काही काळ तशी लक्षणं दिसतात. २०१४ सालच्या मोठ्या अभ्यासात या आजाराशी जोडलेल्या १०८ जनुकीय ठिकाणांत सेरीन रेसिमेजच्या जनुकाचाही भाग होता. सध्याची बहुतेक औषधं डोपामीनवर काम करतात. त्यांनी भास आणि संशय कमी होतात, पण विचारांतला मंदपणा आणि अलिप्तपणा पुष्कळदा उरतोच.

मग डी-सेरीनच का देऊ नये? १९९८ साली एका छोट्या चाचणीत नेहमीच्या औषधांबरोबर ते दिल्यावर सुधारणा दिसली. पुढच्या मोठ्या चाचणीत ती दिसली नाही. शिवाय मोठ्या मात्रेने उंदरांच्या मूत्रपिंडांना इजा होते. दुसरा मार्ग मोडणारं विकर रोखण्याचा. सरबतं टिकवायला वापरतात ते सोडियम बेन्झोएट नेमकं हेच करतं. २०१३ साली तैवानमध्ये ५२ रुग्णांच्या चाचणीत त्याचा फायदा दिसला. पण हेच विकर रोखणारं लुवाडॅक्सिस्टॅट पुढच्या चाचण्यांत अपेक्षा पुरी करू शकलं नाही. ग्लायसीन वाढवणारं आयक्लेपर्टिनही २०२५ साली अपयशी ठरलं. तेव्हा सरबत पिऊन हा आजार बरा होत नाही, आणि डॉक्टरांनी दिलेली औषधं मनाने थांबवू नयेत, हे मुलांना स्पष्ट सांगायला हवं. एखाद्या विद्यार्थ्याच्या घरी हा आजार असू शकतो. अशा कुटुंबांसाठी पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन काम करते.

जीवाणू आणि मेंदू या दोन्ही गोष्टी एकाच औषधात भेटतात. ते म्हणजे सायक्लोसेरीन. नेहमीच्या औषधांना दाद न देणाऱ्या क्षयावर ते देतात. तेही ‘उजवं’ आहे. जीवाणूत ते डी-अ‍ॅलानीनची विकरं अडवतं. मेंदूत शिरल्यावर मात्र ते एनएमडीए ग्राहकाच्या दुसऱ्या किल्लीच्या जागी बसतं. काही रुग्णांना त्याने उदासी येते किंवा भास होतात, म्हणून डॉक्टर लक्ष ठेवतात आणि सोबत ब-६ जीवनसत्त्व देतात.

तेव्हा पुढच्या वेळी ते वाक्य शिकवताना ‘प्रथिनांत’ या शब्दावर जोर द्यावा. प्रथिनांबाहेर काय घडतं, हा प्रश्न मग मुलं स्वतःच विचारतील.