गारगोटी आणि तिची धूळ
आपल्या बुलढाण्याच्या घाटावरचा काळा फत्तर म्हणजे सुमारे ६.५ कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. तो थिजताना वायूचे बुडबुडे आत अडकले. त्या पोकळ्यांत पुढे पाण्यातून आलेली सिलिका थरावर थर साचली. तीच पट्ट्यापट्ट्यांची गारगोटी, अकीक. पोलादी चाकूचा ओरखडा तिच्यावर उठत नाही, ही पारख. कापायला हिऱ्याची कणी जडवलेले चाक लागते, आणि वर पाण्याची धार. सुकी घासू नका! गुजरातेत खंभातला अकीक घासणाऱ्या कारागिरांच्या फुप्फुसांत हीच धूळ बसते. सिलिकोसिस तो हाच, आणि तो बरा होत नाही. काम पुष्कळदा घरातच. त्यामुळे चाकाला हात न लावलेल्या बायकापोरांच्या छातीतही धूळ जाते. आम्हा युनियनवाल्यांचे मागणे एवढेच: पाण्याची धार, धूळ ओढणारा पंखा, आणि त्याचा खर्च व्यापाऱ्याच्या खात्यावर.