वालाच्या मोडातलं आम्ल

पेणच्या बाजारात सुकट, बोंबील, सोडे म्हणजे सुकवलेली कोळंबी मिळते. रोह्याकडे भातकापणी झाली की जमिनीत उरलेल्या ओलीवर कडवे वाल पेरतात. कालवणात मूठभर सोडे पडले की साध्या वांग्या-बटाट्यालाही चव चढते. या चवीत मोठा वाटा असलेलं ग्लुटामिक आम्ल परकं नाही, आपल्याच जेवणातलं आहे.

जर्मन रसायनतज्ज्ञ कार्ल हाइनरिख रिटहाउझेन यांनी ते 1866 मध्ये गव्हाच्या ग्लुटेनमधून वेगळं केलं. पाच कार्बनची साखळी, दोन आम्लगट आणि एक अमिनो गट अशी त्याची रचना. प्रथिनात ते माळेतल्या मण्यासारखं ओवलेलं असतं. तिथे ते जिभेला कळत नाही. मोकळं झालं तरच कळतं.

बिरड्यासाठी, म्हणजे वालाच्या उसळीसाठी, वाल भिजवतात, फडक्यात बांधून मोड आणतात. मग कोमट पाण्यात टाकून एकेक दाणा चिमटीत दाबायचा. साल सुटते आणि डाळिंबी निसटून हातात येते. मोड येताना बियांतली एन्झाइम्स साठवलेली प्रथिनं तोडून कोंबाला पुरवतात. त्यातच काही ग्लुटामिक आम्लही मोकळं होतं. सोड्यांत पाणी उडून चव आटलेली असते, शिवाय ग्लुटामेटच्या, म्हणजे या आम्लाच्या क्षाररूपाच्या, जोडीला न्यूक्लिओटाइडं असतात. ही दोन्ही एकत्र आली की एकमेकांची चव कैक पटींनी वाढवतात.

टोकियोत किकुनाए इकेदा यांनी 1908 मध्ये कोंबू या समुद्री शेवाळाच्या रश्श्यातून हीच चव शोधली आणि तिला उमामी म्हटलं. पुढच्याच वर्षी तिची पूड बाजारात आली. आधी ती ग्लुटेन आम्लात उकळून काढत. 1950 च्या दशकात जपानमध्येच ग्लुटामिक आम्ल बाहेर टाकणारा जिवाणू सापडला. आता त्याला साखर किंवा मळी आणि अमोनिया देऊन टाक्यांत वाढवतात. द्रावाचा पीएच सुमारे 3.2 वर आणला की आम्लाचे स्फटिक खाली बसतात. त्यांत सोडा मिसळला की मोनोसोडियम ग्लुटामेट तयार होतं. रोह्याजवळच्या धाटाव एमआयडीसीत रसायनांच्या कारखान्यात काम करणाऱ्याला पीएच, स्फटिकीकरण आणि गाळणी हे टप्पे सहज ओळखता येतील.

उपयोग स्वयंपाकघरापुरते नाहीत. गरोदर बाईला मिळणाऱ्या फॉलिक आम्लाच्या रेणूचा एक भाग ग्लुटामिक आम्लाचाच असतो. पाणी मृदू करणारं, निसर्गात विघटन होणारं जीएलडीए त्यापासून बनवतात. मेंदूत तर ते चेतापेशींमधला प्रमुख उत्तेजक संदेशवाहक आहे.

मेंदूशी असलेल्या या संबंधामुळे लोक घाबरतात. पण जेवणातलं बहुतेक ग्लुटामेट आतड्याच्या पेशीच इंधन म्हणून वापरतात, रक्तातलंही मेंदूत सहज शिरत नाही. आईच्या दुधात मोकळ्या अमिनो आम्लांत त्याचंच प्रमाण सर्वाधिक असतं. त्यामुळे ग्लुटामेट या नावालाच विष समजणं चूक आहे.

तरीही बिरडं आणि ग्लुटामेटची पुडी एक नव्हे. पुडीत चवीशिवाय फारसं काही नसतं आणि ती बेचव, निकृष्ट पदार्थालाही खपवू शकते. वालातून प्रथिनं, तंतू आणि लोह मिळतं. मिठात सुमारे 39 टक्के सोडियम, मोनोसोडियम ग्लुटामेटमध्ये 12 टक्के. म्हणून थोडं मीठ कमी करून चिमूटभर पूड वापरणं समजदारीचं ठरू शकतं. भीती सोडावी, पण कडव्या वालाला मोड आणण्याची सवय सोडू नये.