कागदी कपात प्लास्टिक कुठून आलं?

(गव्हाण, ता. पनवेल येथील व्याख्यानाचं शब्दांकन)

आपल्याकडे हळदी-लग्न म्हटलं, की शेकड्यांनी माणूस जेवून जातो आणि चहा तर येणाऱ्या प्रत्येकाला. १ जुलै २०२२ पासून प्लास्टिकचे कप देशभर बंद झाले, म्हणून आपण कागदी कप आणले. आता मला सांगा, कागद पाण्यात भिजतो ना? मग हा कप गळत का नाही? कारण त्याला आतून प्लास्टिकचा, बहुतेकदा पॉलिथिनचा, पातळ थर दिलेला असतो.

आयआयटी खरगपूरच्या संशोधकांनी अशा कपांत ८५ ते ९० अंश सेल्सिअसचं पाणी पंधरा मिनिटं ठेवलं. शंभर मिलिलिटर पाण्यात सुमारे २५,००० सूक्ष्म कण उतरले. दिवसाला तीन कप घेणाऱ्याने हिशेब करावा. पाच मिलिमीटरपेक्षा लहान तुकड्याला मायक्रोप्लास्टिक म्हणतात. पण हे कण इतके बारीक, की डोळ्यांना दिसतच नाहीत.

इथे खरा गुन्हेगार आहे उष्णता. गरम झालं, की प्लास्टिकचा थर मऊ पडतो आणि त्याचे कण सुटू लागतात. शिवाय तेलकट पदार्थात प्लास्टिकमधली काही रसायनं जास्त उतरतात. म्हणजे पातळ पिशवीत बांधून आणलेला गरमागरम रस्सा घ्या. उष्णता आहे, तेल आहे, आणि घरी पोचेपर्यंतचा वेळही आहे.

याने आजार होतो का? २०२४ मध्ये इटलीतल्या संशोधकांनी मानेच्या रक्तवाहिन्यांतून शस्त्रक्रियेने काढलेला चरबीचा थर तपासला. ज्यांच्या थरात प्लास्टिक सापडलं, त्यांच्यात पुढच्या सुमारे तीन वर्षांत हृदयविकार, पक्षाघात किंवा मृत्यूचं प्रमाण साडेचार पट दिसलं. प्लास्टिकमुळेच झालं, असं यातून सिद्ध होत नाही. पण घाबरू नका म्हणून गप्प बसावं, असंही हे नाही.

मग करायचं काय? पार्सल आणायला जाताना स्टीलचा डबा न्या. मायक्रोवेव्हमध्ये जेवण काचेच्या किंवा चिनी मातीच्या भांड्यात गरम करा. लहान मुलांचं दूध प्लास्टिकच्या बाटलीत उकळतं ओतू नका; आधी दुसऱ्या भांड्यात कोमट होऊ द्या. पंगतीला केळीचं पान, पळसाची पत्रावळ किंवा सुपारीच्या विरीची ताटली आणा. फक्त द्रोण बघून घ्या. आतून चकचकीत असेल, तर पानाखाली पुन्हा प्लास्टिकच आहे.

‘बायोडिग्रेडेबल’ लिहिलेल्या मालालाही भुलू नका. त्यातले काही प्रकार कारखान्यातल्या कंपोस्टच्या उष्णतेतच नीट कुजतात. आपल्या खाडीत पडले, तर तसेच राहतात.

सगळं एका दिवसात सुटणार नाही. पण गावात भाड्याने मिळणारे स्टीलचे पेले आहेतच. पुढच्या हळदीला मंडपवाल्याला एवढंच सांगा: पेले आण, आणि ते धुवायला एक माणूस जास्तीचा दे.