लाइन : जवसाच्या धाग्यापासून विजेच्या तारेपर्यंत
लेखमाला : एक शब्द, अनेक वाटा

वर्धा जिल्ह्यातल्या कुठल्याही गावात हरभऱ्याला पाणी देण्याच्या दिवसांत रात्री शेताकडे निघालेला शेतकरी शेजाऱ्याला हमखास विचारतो, "लाइन आली का?" पुण्याकडे लाइट जातात, आपल्याकडे लाइन जाते. खांबावरची तार जागची हललेली नसते, तिच्यातली वीज गेलेली असते, तरी आपण तारेचंच नाव घेतो. मग तोच शेतकरी हिंगणघाटच्या बाजारात कापूस नेतो तेव्हा गाड्यांच्या लाइनीत थांबतो, त्याचा मुलगा शिक्षण संपवून कोणती लाइन धरावी याचा विचार करतो, आणि मुलीच्या इंग्रजीच्या वहीत त्याच शब्दासमोर एकच अर्थ लिहिलेला असतो : रेषा.

या एका अर्थावर विसंबल्यामुळे मुलं इंग्रजी उताऱ्यात अडखळतात. 'ड्रॉप मी अ लाइन' म्हणजे मला चार ओळी लिहून पाठव. 'लाइन ऑफ वर्क' म्हणजे धंदा. 'फिशिंग लाइन' ही गळाची दोरी. 'अ लाइन्ड फेस' म्हणजे सुरकुत्या पडलेला चेहरा. 'क्रॉसिंग द लाइन' म्हणजे मर्यादा ओलांडणं. नटाच्या लाइन्स म्हणजे त्याचे संवाद, आणि 'अ लाँग लाइन ऑफ किंग्ज' म्हणजे राजघराण्याची परंपरा. इतके अर्थ पाठ करायचे म्हटलं तर कुणीही थकेल. पण शब्दाचं मूळ कळलं की यातले बरेचसे अर्थ आपोआप जागेवर बसतात, आणि ते मूळ आपल्या ओळखीचं आहे. ते म्हणजे जवस.

जवसाच्या झाडाला लॅटिनमध्ये 'लीनम' म्हणतात. शास्त्रीय नाव लायनम युसिटॅटिसिमम, म्हणजे अतिशय उपयोगाचं जवस. विदर्भात आपण ते रब्बीत घेतो ते तेलासाठी आणि चटणीसाठी. युरोपात मात्र त्याच्या खोडाच्या सालीतून धागा काढत आणि त्याचं कापड विणत. लिनन ते हेच. या धाग्याला लॅटिनमध्ये 'लिनेआ' म्हणत. गवंडी आणि सुतार तो दोन टोकांना ताणून सरळ खूण करायचे. ताणलेल्या धाग्याचं नाव आधी त्या खुणेला मिळालं, मग कागदावरच्या रेघेला, मग रेघेसारखं जे जे लांब आणि सलग दिसतं त्या सगळ्याला. म्हणून दोरी, रेघ, ओळ, रांग, तार हे अर्थ एकमेकांपासून लांब वाटले तरी एका घरातले आहेत. अंगरख्याला आतून लिननचं कापड लावत, म्हणून अस्तर लावणं यालाही इंग्रजीत 'लाइन' हेच क्रियापद आलं. शिंप्याकडचं 'लायनिंग' तिथलं.

मला यात सर्वांत मोलाची वाटते ती मराठीतली जोड. आपल्या 'सूत' या शब्दाने अगदी हाच प्रवास केला आहे. सूत म्हणजे धागा; सुतासारखा सरळ म्हणजे रेघेसारखा सरळ; सुताराच्या मापात एका इंचाचे आठ सूत. संस्कृतातल्या 'सूत्रा'पासून व्याकरणाचं सूत्र आलं, नाटकाचा सूत्रधार आला आणि खुद्द सुतारही आला. ज्या सेवाग्रामात आणि पवनारला चरख्यावर सूत कातलं गेलं, तिथल्या विद्यार्थ्याला 'लाइन' शिकवताना रेषेऐवजी सुतापासून सुरुवात करावी. त्याच्या हातात काहीतरी येईल.

वर्ध्याच्या नकाशावरही हा शब्द ठळक आहे. जिल्हा १८६२ साली नागपूरपासून वेगळा झाला आणि १८६६ साली वर्धा शहर वसवलं गेलं. साहेबाच्या अमलातल्या अशा शहरांत सिव्हिल लाइन्स आणि पोलीस लाइन असायचीच. या 'लाइन्स' लष्करी भाषेतल्या : छावणीत तंबू आणि बराकी ओळीने उभ्या करत, त्यांना लाइन्स म्हणत. लष्कराच्या ओळी त्या 'मिलिटरी', मुलकी अधिकाऱ्यांच्या त्या 'सिव्हिल'. मागोमाग रेल्वे आली. मुंबईची गाडी १८६७ साली नागपूरला पोचली ती वर्ध्यावरून, आणि १८७०च्या दशकात वर्ध्याहून हिंगणघाटमार्गे वरोऱ्याच्या कोळशाकडे दुसरी लाइन गेली. पुलगाव-आर्वीची छोटी लाइन बंद पडली. वर्धा-यवतमाळ-नांदेड मार्गातला वर्धा ते कळंब हा पहिला टप्पा फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाला. इथे लाइन म्हणजे नुसते रूळ नव्हेत, तर कुठून कुठे जायचं तो सगळा मार्ग.

समानार्थी शब्द निवडताना एकच प्रश्न विचारावा : ही लाइन करते काय? माणसं वाट पाहत उभी असतील तर 'क्यू'. अमेरिकन माणूस तिथेही 'लाइन' म्हणेल. शेजारीशेजारी मांडलेल्या खुर्च्यांची 'रो'. एकामागे एक चालणाऱ्यांची 'फाइल'. दोन मुलखांना वेगळं करणारी 'बाउंडरी'. रंगाचा पट्टा 'स्ट्राइप'. यांची अदलाबदल करता येत नाही.

मराठीतही करता येत नाही, आणि तिथे मात्र आपण निष्काळजी झालो आहोत. पऱ्हाटीच्या काही तासांनंतर तुरीचं एक तास येतं. त्याला 'तुरीची लाइन' म्हणण्याची काही गरज नाही. दोन शेतांमधला धुरा, भिंत उभी सरळ आहे का ते सांगणारा गवंड्याचा ओळंबा, जेवायला बसलेली पंगत, कवितेची ओळ, कपाळावरची आठी : प्रत्येकीला आपापलं नाव आहे, आणि ते नाव 'लाइन'पेक्षा जास्त सांगतं. विजेची आणि रेल्वेची लाइन त्या वस्तूंबरोबरच आली. ती मराठीच झाली आहे, तिला 'वाहिनी' करायचा हट्ट नको. पण तास आणि धुरा हे शब्द मुलांच्या तोंडून गेले, तर शेतीची नेमकी भाषाच जाईल.

शिक्षकांना विनंती आहे की या आठवड्यात मुलांना घरी विचारायला सांगा : 'लाइन'साठी आजी-आजोबा कुठले शब्द वापरतात? आर्वी, कारंजा, आष्टीकडे काही वेगळे शब्द असतील, तर ते वाक्यासह आम्हाला लिहून पाठवा. पुढच्या भागात 'चार्ज' हा शब्द घेऊ.