परसातला बर्फ

साठ-सत्तरच्या दशकांत कॅनडात लहानाचे मोठे झालेल्यांशी लहानपणाबद्दल बोला, गाडी फिरून फिरून परसातल्या बर्फावर येते. शाळा सुटली की दप्तर टाकायचं, स्केट चढवायचे आणि आईच्या हाका कानाआड करत अंधार पडेपर्यंत हॉकी खेळायची. गोलखांब म्हणून दोन बूट. पंच नाही, कोच नाही. पक कडेच्या बर्फाच्या ढिगात गेला की खेळ थांबायचा आणि सगळी पोरं उकरायला बसायची. घरात शिरल्यावर बधिर झालेल्या पायांच्या बोटांना ऊब लागली की ती अशी ठणकायची की डोळ्यांत पाणी यायचं. तरी दुसऱ्या दिवशी सगळे हजर.

रिंक तयार व्हायची ती रात्री, आणि बहुतेक घरांत ते काम वडिलांकडे असे. पडलेला बर्फ तुडवून घट्ट करायचा, पारा चांगला खाली गेला की पाण्याचा पातळ थर द्यायचा, तो गोठला की पुढचा. घाईने एकदम पाणी सोडलं तर वर नुसता पापुद्रा धरतो, खाली पोकळी राहते आणि स्केट आत घुसतो. दिवसभराची नोकरी करून आलेला माणूस उणे दहा-पंधरा अंशांत पाइप धरून उभा राहायचा. हॉकीच्या इतिहासात त्याला मानाचं पान वाढलं पाहिजे, असं मला मनापासून वाटतं.

त्यांतल्या एकाला ते मिळालं. ऑन्टॅरिओतल्या ब्रँटफर्डचे वॉल्टर ग्रेट्झ्की टेलिफोन कंपनीत नोकरीला होते. पोराला बाहेरच्या रिंकवर नेऊन तासन्‌तास कुडकुडत बसण्यापेक्षा स्वयंपाकघराच्या खिडकीतून लक्ष ठेवता यावं, म्हणून त्यांनी परसातच रिंक केली. पाणी द्यायला हिरवळीवरचा फवारा. डबे मांडून त्यांच्यामधून पक काढत न्यायचा सराव इथलाच. त्या पोराने, वेनने, एनएचएल या व्यावसायिक लीगच्या 1981-82 च्या मोसमात 92 गोल केले. त्या लीगमधला एका मोसमातला तो विक्रम अजून कुणी मोडलेला नाही.

हा सगळा डोलारा थंडीच्या भरवशावर उभा होता, आणि थंडीच आता बेभरवशाची झाली आहे. 2013 मध्ये विल्फ्रिड लॉरिए विद्यापीठातल्या भूगोल अभ्यासकांनी 'रिंकवॉच' सुरू केलं. आज आपली रिंक खेळण्याजोगी आहे का, एवढंच घरोघरच्या लोकांनी कळवायचं. पारा उणे पाचच्या वर रेंगाळू लागला की बर्फ नीट धरत नाही. ओटावातल्या रिडो कालव्यावर 1970-71 पासून दर हिवाळ्यात 7.8 किलोमीटरचा स्केटिंगचा मार्ग खुला व्हायचा. 2022-23 च्या हिवाळ्यात तो एक दिवसही उघडला नाही.

बंदिस्त रिंकवर बर्फ बारा महिने मिळतो, पण तासाच्या हिशेबाने, फी भरून. तिथे पोरं तंत्र उत्तम शिकतात, यात शंका नाही. पण लहान-मोठ्यांनी मिळून गडी वाटून घ्यायचे, शेजारच्या चिमुरड्याला सांभाळून घ्यायचं, गोल झाला की नाही यावर भांडायचं आणि ते भांडण आपापसांत मिटवून खेळ पुढे चालू ठेवायचा, एवढी सवड त्या तासाभरात कुठून मिळणार?