शेत नसलेले पीक

पासली हे राजगड (पूर्वीचा वेल्हे) तालुक्याच्या पश्चिमेकडचे गाव. पुढे केळद, त्यापुढे मढे घाट. घाट उतरला की रायगड जिल्ह्यातला महाड तालुका लागतो. घाटमाथ्यावर जिल्हा बदलतो, तसे पोलिसांचे परिक्षेत्रही बदलते. वर पुणे ग्रामीण, म्हणजे कोल्हापूर परिक्षेत्र. खाली रायगड, म्हणजे कोकण परिक्षेत्र. इथे राहून मी गेली काही वर्षे अंमली पदार्थांविषयीचे कायदे, शासकीय कागद आणि बातम्यांची कात्रणे वाचतो आहे. त्यात ही सीमारेषा मला वारंवार आठवते. मेफेड्रोन ऊर्फ ‘एमडी’चा व्यापार अशा रेषांच्या सांध्यांतूनच चालतो.

अफू आणि गांजा यांना शेत लागते. शेत दिसते, त्याला सातबारा असतो, हंगाम असतो. आपला १९८५चा अंमली पदार्थविरोधी कायदा (एनडीपीएस) झाला तेव्हा नजरेसमोर मुख्यतः हीच पिके होती. एमडीला शेत नाही. त्याला लागते एक शेड, वीज, पाणी, रसायने आणि थोडेफार रसायनशास्त्र जाणणारा माणूस. कच्चा माल औषधे, रंग यांच्या वैध उद्योगातलाच. कारखान्याबाहेरून पाहणाऱ्याला आत औषध बनते की विष, हे कळत नाही.

मेफेड्रोन प्रथम १९२९ साली बनवले गेले आणि पुढे जवळजवळ विसरले गेले. एकविसाव्या शतकाच्या आरंभी ते नशेसाठी पुन्हा अवतरले. ब्रिटनने २०१० साली त्यावर बंदी घातली. आपल्या कायद्याच्या यादीत ते फेब्रुवारी २०१५ मध्ये आले. तोवर पुडी हाती लागली तरी पोलिसांपाशी या कायद्याचे कलम नव्हते. आज ५० ग्रॅम ही व्यावसायिक मात्रा मानली जाते आणि तिला १० ते २० वर्षांची सक्तमजुरी आहे.

कायदा कडक झाला, तरी सांधे राहिलेच. ऑक्टोबर २०२३ मध्ये ससून रुग्णालयात उपचारासाठी ठेवलेला, अंमली पदार्थांच्या गुन्ह्यातला एक न्यायाधीन बंदी पळून गेला. तुरुंग, रुग्णालय आणि पोलीस बंदोबस्त या तीन यंत्रणांच्या मधली फट तेव्हा उघडी पडली. त्याच्याशी संबंधित कारखाना नाशिकजवळच्या शिंदे गावात होता आणि त्यावर छापा घातला मुंबईच्या साकीनाका पोलिसांनी. फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे शहर पोलिसांचा तपास विश्रांतवाडीतून दौंड तालुक्यातल्या कुरकुंभ एमआयडीसीत, तिथून दिल्ली आणि सांगलीपर्यंत गेला. १,७०० किलोहून अधिक एमडी सापडले. किंमत सांगितली गेली ३,५०० कोटी रुपयांहून अधिक. कुरकुंभ पुणे शहर पोलिसांच्या हद्दीत नाही, ते ग्रामीणकडे आहे. हद्द ओलांडली म्हणूनच माल सापडला. पण एवढा माल तयार होईपर्यंत कोणाच्याच दप्तरात तो का दिसला नाही, हा प्रश्न उरतो.

केंद्राने २०१६ साली ‘एनकॉर्ड’ ही समन्वय यंत्रणा सुरू केली आणि २०१९ मध्ये तिची चार स्तरांवर रचना केली. सर्वांत खालचा स्तर जिल्ह्याचा. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली पोलीस, अन्न व औषध प्रशासन, उत्पादन शुल्क, आरोग्य, शिक्षण असे विभाग एकत्र बसतात. बंद पडलेले रासायनिक कारखाने तपासा, अशा सूचना या बैठकांच्या बातम्यांत दिसतात. सूचना योग्य आहे. मात्र कोणता कारखाना बंद आहे हे एमआयडीसीला कळते; बंद कारखान्यात वीज किती जळते हे महावितरणला; रसायनांचा परवाना कोणाकडे आहे हे तिसऱ्याच खात्याला. २०१३च्या नियंत्रित पदार्थ आदेशानुसार ठरावीक रसायने हाताळणाऱ्यांना नार्कोटिक्स कंट्रोल ब्युरोकडे नोंदणी करून तिमाही विवरणपत्रे द्यावी लागतात. यादीबाहेरचे रसायन मात्र या जाळ्यातून सुटते, आणि यादी नेहमी बाजाराच्या मागे असते.

म्हणून माझ्या मते समन्वयाची कसोटी छाप्यांच्या संख्येत नाही. बंद कारखान्याचे वीजबिल अचानक वाढले, तर ती गोष्ट किती दिवसांत योग्य टेबलावर पोहोचते, ही खरी कसोटी. तीही जिल्ह्याच्या आत नव्हे, जिल्ह्याच्या सीमेवर. महाड आणि वेल्हे यांच्यामध्ये घाट एकच, पण समित्या दोन. रायगडच्या समितीसमोर आलेला टँकर पुण्याच्या समितीला वर्तमानपत्रातून कळू नये. शेजारी जिल्ह्यांची संयुक्त बैठक आणि एकच नोंदवही, एवढ्यासाठी नवा कायदा लागत नाही.

आमच्या भागात अनेक घरांतली मुले शिकायला किंवा नोकरीला पुण्यात असतात. एमडीची पुडी त्यांच्यापर्यंत शहरात पोहोचते. ती बनते मात्र एखाद्या आडबाजूच्या शेडमध्ये, जिथे रात्री गाडी आलेली पोलीस पाटलाला किंवा गुराख्याला आधी दिसते. केंद्राची ‘मानस’ ही १९३३ क्रमांकाची मदतवाहिनी जुलै २०२४ पासून सुरू आहे. पासलीतून कोणी तिथे फोन केला, तर ती माहिती घाटाच्या दोन्ही बाजूंना पोहोचली पाहिजे. सरकारकडे मागायचे ते हेच.