पोटदुखी : पाठवावे की थांबावे?

दुर्गम पाड्यावर रात्री पोट दुखू लागले, तर सोनोग्राफी हाताशी नसते. आमच्या आरोग्यसेविकेजवळ असतात घड्याळ, रक्तदाबमापक आणि स्वतःचा हात. तिने निदान करावे अशी आमची अपेक्षा नाही. रुग्णास त्वरित शस्त्रक्रियेच्या सोयीपर्यंत न्यावयाचे की नाही, एवढेच तिने ठरवावयाचे. बेंबीभोवती सुरू होऊन काही तासांत उजवीकडे खाली सरकणारी वेदना अपेंडिक्सची शंका उत्पन्न करते. पोट फळीसारखे ताठरले, उलटी हिरवी झाली किंवा नाडी जलद होऊन रक्तदाब उतरला, तर उजाडण्याची वाट पाहू नये. प्रजननक्षम वयातील स्त्रीची गर्भचाचणी, पाळी चुकली नसल्याचे ती सांगत असली तरी, करावीच. गर्भनलिकेत गर्भ राहून ती फुटल्यास रक्तस्राव पोटातच होतो, बाहेर दिसत नाही. ती चाचणीपट्टी अल्प खर्चाची आहे, हे देणगीदारांनी अवश्य ध्यानी घ्यावे.

घरी एरंडेल पाजणे घातक ठरू शकते. पण त्यासाठी कुटुंबीयांना रागावणे आम्हांस उचित वाटत नाही. वाहन येईपर्यंत काहीतरी करावे, हीच त्यांची धडपड असते.

वेदनाशामकाने रोग झाकला जातो, असे वैद्यकात पूर्वी मानले जाई. तो समज आता मागे पडला आहे. इंजेक्शन द्यावे, तोंडाने काही देऊ नये आणि औषधाचे नाव व वेळ लिहिलेली चिठ्ठी रुग्णासोबत पाठवावी.